डावी मोटार उलटी फिरते

बेल्ट तिसऱ्यांदा तुटला तेव्हा मी विंझरच्या पुढं रस्त्यात उभी राहून माझ्या स्केटबोर्डाला तोंडाला येईल ते बोलले. शेजारच्या खाचरात भात कापणाऱ्या बायका पाठी सरळ करून बघायला लागल्या. त्यातली एक म्हणाली, "मॅडम, फळी रुसली व्हय आज?" बाकीच्या हसल्या. फळी बगलेत मारली आणि शाळेपर्यंत तंगडतोड करत गेले. पोचले तेव्हा प्रॅक्टिकलची मुलं दाराशी ताटकळली होती आणि प्रयोगशाळेची किल्ली माझ्या पर्समध्ये होती.

मी शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे आणि राहते भोरात. सकाळची एसटी धरून कापूरहोळला उतरायचं, तिथून वडापच्या जीपमध्ये स्वतःला कोंबायचं, मार्गासनी मागं टाकून विंझरला उतरायचं, आणि तिथून शाळा आत दोन-अडीच किलोमीटर. तेवढ्या वाटेला काही म्हणजे काही मिळत नाही. म्हणून मी हा स्केटबोर्ड घरीच केला. प्लायवूडची लांब फळी, खाली चार चाकं, पोटाशी बॅटरी, मागच्या चाकांना दोन मोटारी, हातात रिमोट. एसटीत सीटखाली जातो, जीपमध्ये पायाखाली. आई स्कूटर घे म्हणून मागं लागली होती, पण हायवेवरून रोज स्कूटर हाणायची माझी छाती नव्हती.

बोर्डाचं एकच दुखणं होतं. मोटार एका बाजूला, चाक दुसरीकडं, मध्ये रबरी बेल्ट. आमच्याकडचा रस्ता वरून डांबरी दिसला तरी कडेला खडी पसरलेलीच असते. तो खडा उडून बेल्टात शिरला की दात गेले, आणि दात गेले की मी पायी. म्हणून ठरवलं, बेल्टच नको. डायरेक्ट ड्राइव्हच्या मोटारी मागवल्या. ह्या मोटारी आसावरच बसतात आणि चाक सरळ मोटारीवरच चढतं. मध्ये तुटायला काही राहत नाही.

हे सगळं मी एकटीनं केलं असतं. पण मला आप्पांना त्यात ओढायचं होतं.

आप्पा म्हणजे माझे वडील. भोरात आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून त्यांचा गाळा आहे, मोटार वाइंडिंगचा. तालुक्यातल्या विहिरींवरचे पंप जळले की त्यांच्याकडं यायचे. जळकी तार काढायची, नवी भरायची, वार्निश मारून वाळवायची आणि मोटार पुन्हा विहिरीवर बसवून द्यायची, यात त्यांचा जन्म गेला. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, बोलणं सावरलं, उजवा हात मात्र बसला तो बसलाच. डॉक्टरांनी सांगितलं, हाताला रोज बारीक काम द्या, काम लागलं तर हात येईल. आप्पांनी ऐकून घेतलं आणि गाळ्याला कुलूप घातलं. दिवसभर टीव्हीसमोर. आधी पंप घेऊन लोक दारात यायचे, त्यांना ते म्हणायचे, कापूरहोळला न्या. मग लोक परस्परच कापूरहोळला जायला लागले. मला बोर्ड पळायला हवा होता हे खरंच, पण त्याहून जास्त मला आप्पा गाळ्यातल्या टेबलाशी पुन्हा बसलेले हवे होते.

म्हणून मोटारींचं खोकं आलं तेव्हा मी ते मुद्दाम स्वतः न फोडता त्यांच्यापुढं ठेवलं आणि म्हणाले, मला यातलं जमत नाहीये, तुम्ही बघा. आप्पांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मोटार डाव्या हातात घेऊन वजन बघितलं, फिरवून बघितली, कानाशी धरली. म्हणाले, गाळ्याची किल्ली आण.

इथपर्यंत सगळं गोड होतं. पुढं माझा स्वभाव आडवा आला.

खोकं आलं, पण आतल्या मोटारीचं भोक आमच्या आसावर बसेना. आस गोल, भोकाला एका अंगानं सपाटी. विकणाऱ्यानं 'सगळ्या बोर्डांना चालेल' असं लिहिलं होतं, त्याच्या तोंडात साखर पडो. मग मधली पितळी बुश, म्हणजे आस आणि भोक यांच्यामध्ये बसणारी नळी, करून घ्यायला कापूरहोळला गेले. तिथं आप्पांचाच शिकवलेला एक वाइंडिंगवाला आहे, गाळ्यात छोटं लेथही ठेवलंय त्यानं. आप्पांना उस्ताद म्हणतो आणि फोनवरसुद्धा उभा राहून बोलतो. त्यानं काम सोडून बुश कातून दिली. ती घरी आणली तर सैल. दुसऱ्यांदा कातली ती इतकी घट्ट की हातोडी मारल्याशिवाय जाईना, आणि मोटारीवर हातोडी मारायची म्हणजे आतले चुंबक तडकायची भीती. दर खेपेला एसटी, जीप, परत एसटी. आप्पा म्हणाले, घट्ट हाय तेच बरं, आसाला कानस मारू, एका अंगानं सपाटी काढू, बसंल.

आणि ती कानस ते स्वतः मारणार म्हणाले.

आस पकडीत धरला. आप्पांनी उजव्या हातात कानशीची मूठ धरली, वरून डाव्या हातानं उजवा हात दाबला आणि घासायला सुरुवात केली. एक घासा, मग थांबायचं. दुसरा घासा, मग बोटं मुठीवरून सुटायची, ती एकेक करून पुन्हा बसवायची. मी शेजारी उभी. अर्ध्या तासाचं काम. पाऊण दिवस गेला तरी आसाला जेमतेम चकाकी आली होती. मला समजत होतं की हेच तर आपल्याला हवं होतं, हेच डॉक्टरांनी सांगितलं होतं, गप उभी राहा. पण कुणी सावकाश काम करताना मला बघवत नाही, हा माझा लहानपणापासूनचा रोग आहे. शेवटी मी म्हटलं, "द्या हिकडं," आणि त्यांच्या हातातून कानस काढून घेतली. वीस मिनिटांत सपाटी काढली. आप्पा बाजूला स्टुलावर बसून राहिले.

असं तीन-चारदा झालं. स्क्रू त्यांच्या हातातून पडला की मी उचलून स्वतःच पिळायची. ते वायर सोलायला लागले की मी म्हणायची, राहू द्या, मी करते. आई एकदा डबा घेऊन आली तेव्हा तिनं हे बघितलं आणि घरी आल्यावर मला चांगलं सुनावलं. म्हणाली, बापाला कामाला बसवायला नेतीस का बघत बसायला? मी तिच्यावरही तणतणले.

पण एका रविवारी मोटारी बसल्या. बोर्ड टेबलावर पालथा टाकला, मोटारींच्या तीन-तीन जाड वायरी कंट्रोलरच्या, म्हणजे बॅटरीची वीज मोटारींना वाटून देणाऱ्या डबीच्या, वायरींना सोल्डर करून जोडल्या, वरून प्लास्टिकची स्लीव्ह चढवली. ह्या मोटारींना जाड वायरींखेरीज सेन्सरची बारीक वायरही असते, मोटार कुठल्या स्थितीत आहे ते कंट्रोलरला कळायला. ती नंतर लावू म्हटलं, कारण तिच्यावाचूनही मोटार फिरते, फक्त सुरुवातीला अडखळते. रिमोट दाबला. उजवी मोटार पुढं फिरली. डावी उलटी.

यात नवल काही नव्हतं. दोन्ही मोटारी एकसारख्या, एक इकडून बसवलेली, एक तिकडून, म्हणजे एक उलटी फिरणारच. कंट्रोलरच्या मोबाईलवरच्या ॲपमध्ये ते बदलायची सोय असते. मी म्हटलं, उद्या संध्याकाळी करू. आप्पा त्या उलट्या फिरणाऱ्या मोटारीकडं बघत म्हणाले, त्यात काय, तीनातल्या दोन वायरी बदलायच्या. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

सोमवारी सकाळी एसटीला वेळ होता, तेवढ्यात गाळ्यात जाऊन सेन्सरच्या दोन्ही बारीक वायरी कंट्रोलरमध्ये खोचल्या आणि पळाले. किल्ली आप्पांकडं दिली.

संध्याकाळी आले तर आप्पा गाळ्यातच. चेहरा असा की काहीतरी सांगायचंय पण आधी तूच बघ. मी पर्ससुद्धा खाली ठेवली नाही, रिमोट उचलून दाबला. दोन्ही मोटारी थडथडायला लागल्या. फिरेनात, नुसत्या जागच्या जागी गुरगुरून हादरे देत होत्या. कंट्रोलरला हात लावला तर चटका. मी झटकन बॅटरी काढली. मग दिसलं. डाव्या मोटारीच्या वायरींवरची माझी स्लीव्ह नव्हती, दुसरीच होती. लाल वायर पिवळीच्या जागी, पिवळी लालच्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पंपाला सेन्सर नसतो, पंपाच्या दोन वायरी बदलल्या की संपलं. इथं जाड वायरी बदलल्या आणि सेन्सरला त्याचा पत्ता नसला की मोटार अशीच थडथडणार, हे मला पाठ होतं. एवढ्या खटपटी करून आणलेला कंट्रोलर जळायला आला होता. मी म्हटलं, "जन्मभर विहिरीवरचे पंप भरलेत तुमी. ह्यातलं काय कळतं तुमाला? कुणी सांगितलं होतं हात लावायला?"

आप्पा स्टुलावरून उठले. डाव्या हातातला स्क्रूड्रायव्हर पुसून फळीवरच्या त्याच्या जागी ठेवला आणि घरी गेले. मी तिथंच पक्कड घेऊन त्यांनी केलेले जोड कटाकट तोडले आणि वायरी पुन्हा आधीसारख्या जोडल्या. बॅटरी लावली. रिमोट दाबला. मोटारी तशाच थडथडल्या.

तरी मला वाटलं, बहुतेक त्यांच्यामुळंच काहीतरी जळलं.

मंगळवारी मी रजा टाकली. सकाळपासून एकेक करून सगळं तपासत होते. दुपारी, डोकं भणभणायला लागलं तेव्हा, माझं लक्ष त्या बारीक वायरींकडं गेलं. डाव्या मोटारीची सेन्सरची वायर उजव्या बाजूला खोचलेली होती आणि उजवीची डावीकडं. सोमवारी सकाळी, एसटीच्या घाईत, माझ्या हातानं. म्हणजे डावीची खबर उजवीला आणि उजवीची डावीला जात होती, मग मोटारी थडथडतील नाहीतर काय. आप्पांनी वायरींना हात लावायच्या आधीच मी घोळ घालून ठेवला होता.

दोन्ही वायरी बदलून खोचल्या. मोटारी लोण्यासारख्या फिरल्या. डावी उलटी, पण विनातक्रार. मग ॲप उघडलं. दिशा बदलायचं बटण दाबलं, सेव्ह केलं, बॅटरी काढून लावली, पुन्हा उलटी. पाच वेळा केलं. त्या कंट्रोलरच्या ते लक्षातच राहत नव्हतं. शेवटी मी काय केलं असेल? तीनातल्या दोन वायरी बदलल्या. लाल पिवळीच्या जागी, पिवळी लालच्या. मग कंट्रोलरवरचं बटण दाबून धरलं, म्हणजे तो मोटारींना हळूहळू फिरवून त्यांची नव्यानं ओळख करून घेतो, आणि दोन्ही चाकं एका दिशेनं सुरू झाली. आप्पांनी केलं होतं तेच. त्याच दोन वायरी.

टेबल आवरताना मी तोडून फेकलेले त्यांचे जोड खाली सापडले. हातात घेतले. वायरीचे पदर एकमेकांत गुंफून मग डाग दिलेला, कथील आतपर्यंत मुरलेलं, वर एक थेंब जादा नाही. माझ्या जोडापेक्षा शंभर पटीनं देखणं काम. आणि सोल्डर एका हातानं होत नाही. एका हातात तापलेलं सोल्डरिंग आयर्न, दुसऱ्या हातात कथलाची तार धरावी लागते. म्हणजे त्या दुपारी, गाळ्यात एकटे असताना, त्यांच्या उजव्या हातानं तार धरली होती. झटक्यानंतर पहिल्यांदा, डाव्या हाताच्या आधाराविना. तेच मला दाखवायला ते संध्याकाळपर्यंत थांबले होते.

मी त्याच पावली घरी जायला हवं होतं. दोन गल्ल्यांचं अंतर.

पण आमच्या घरात चुकलो असं कुणी तोंडानं म्हणत नाही. आप्पांच्याच हातून कधी एखादा पंप नीट भरला गेला नाही तर ते काही बोलायचे नाहीत. मोटार गुपचूप परत आणायची, रात्रंदिवस बसून पुन्हा भरायची, विहिरीवर नेऊन पाणी काढून दाखवायचं. पाणी आलं की झालं. मी त्यांचीच मुलगी. मी ठरवलं, रविवारी त्यांना घेऊन मार्गासनीच्या रस्त्याला जायचं. तिथं एक सरळ पट्टा आहे. त्यांना कडेला खुर्ची टाकून बसवायचं, त्यांच्यासमोरून बोर्ड पळवायचा आणि मग म्हणायचं, बघा, तुमच्या वायरींवर पळतोय. खरं सांगायचं तर लाजही वाटत होती आणि रविवार लांब होता ते बरंच वाटत होतं.

त्या संध्याकाळी जेवताना आप्पा माझ्याकडं बघत नव्हते. मीही नाही. बुधवारी बोर्ड घेऊन विंझरला गेले. खडीवरून गेले, चढावरून गेले, कुठं काही अडलं नाही. भात झोडणाऱ्या बायकांनी हात केले. बोर्ड विंझरलाच, थांब्यावरच्या दुकानात ठेवायला लागले, रविवारच्या आधी तो आप्पांच्या नजरेला पडू नये म्हणून. त्यामुळं गाळ्याकडं फिरकलेच नाही.

शनिवारी अर्धा दिवस शाळा. बोर्ड घेऊन दुपारी भोरात आले. उद्यासाठी सगळे बोल्ट एकदा आवळून ठेवावेत म्हणून परस्पर गाळ्यात गेले. मंगळवारपासून एक किल्ली माझ्याकडंच होती, तिनं कुलूप काढलं.

टेबलावर वाइंडिंगचं मशीन नव्हतं. तार गुंडाळायचे लाकडी फर्मे भिंतीवर टांगलेले असत, लहान पंपाचे, मोठ्या पंपाचे, प्रत्येकावर आप्पांच्या हातचे आकडे. खिळे तेवढे राहिले होते. मला आधी चोरीच वाटली. कापूरहोळवाल्याला फोन लावला. तो बिचारा रडकुंडीला आलेला. म्हणाला, गुरुवारी उस्तादांनी बोलावून घेतलं, टेम्पो घेऊन ये म्हणाले. मी नको नको म्हणत होतो. ते म्हणाले, पंपांचं काम आता तूच कर, माझ्या हातात आता राम न्हाई, आणि परत आणून दिलंस तर माझ्या दारात पाय ठेवू नको.

घरी गेले तर आईनं दारातच हात हलवला, मला विचारू नको म्हणून. तिला आप्पांनी बजावलं होतं, पोरीला सांगायचं न्हाई. आप्पा खुर्चीत बसले होते, टीव्ही बंद. मी बोर्ड त्यांच्यासमोर जमिनीवर ठेवला. मग इतके दिवस गिळून ठेवलेलं सगळं एका दमात बोलले. की माझं चुकलं. वायरी तुम्ही बरोबर बदलल्या होत्या, आताही त्याच बदललेल्या आहेत. सेन्सरची वायर मीच उलटसुलट खोचली होती. तुम्ही केलेला जोड मी बघितला, मला तसा येत नाही. मशीन परत आणू, मी आत्ता जाते कापूरहोळला.

त्यांनी वाकून डाव्या मोटारीवरचं चाक बोटानं फिरवलं. उजव्या हाताच्या बोटानं. चाक फिरत राहिलं ते थांबेपर्यंत बघितलं.

"कवा कळलं तुला?"

खोटं बोलायचं माझ्या अगदी तोंडाशी आलं होतं.

"मंगळवारी."

त्यांनी मान हलवली. म्हणाले, "टेम्पो गुरुवारी आला. बुधवारी मी दिवसभर घरीच होतो की."